साक्ष द्यायला माझ्याकडे शेवटच नाहीये

आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं राहिलं की गोष्ट साधारण ठरलेली असते. आजार होता, डॉक्टरांनी हात टेकले, प्रार्थना केली, प्रभूने बरं केलं, हालेलूया. मला त्या साक्षी खोट्या वाटत नाहीत हां, पण आमच्या घरात तसं काही झालंच नाही. नवऱ्याची एमआयडीसीतली नोकरी गेली, त्याच वर्षी सासूबाईंना पॅरालिसिस झाला, त्या अजून अंथरुणावरच आहेत आणि बँकेचा हप्ता काय कोणाची प्रार्थना संपायची वाट बघत नाही.

मी जन्माने ख्रिस्ती, नगरची. संडे स्कूल, क्वायर, नाताळचे कॅरल सगळं केलेलं. पण पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले की मी आत चहा करत बसायचे, मुद्दाम वेळ लावत, कारण बाहेर जाऊन डोळे मिटायचे तर मिटून बोलायचं काय तेच कळत नव्हतं.

त्या दिवसांत मला खरा आधार झाला पंडिता रमाबाईंचा. शाळेत आपण त्यांना दोन मार्कांच्या टिपेपुरतं वाचतो, पण बाईंचं आयुष्य बघा ना, 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, आणि मग लग्न होऊन दोन वर्षं होतायत न होतायत तोच नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात एवढीशी मनोरमा. 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आणि त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की तेव्हा धर्म मिळाला होता पण ख्रिस्त भेटला नव्हता, त्याला अजून आठेक वर्षं जावी लागली! एवढ्या विद्वान बाईला आठ वर्षं, मग मी कुठल्या घाईत होते?

बरं, त्यानंतर तरी सगळं सुरळीत झालं का, तर नाही. 1896-97 ला परत दुष्काळ पडला आणि बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली, विधवा शेकड्याने घेऊन आल्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे त्यांचा बायका-मुलींसाठीचा आश्रम, त्यातूनच वाढलं. भुकेने घर रिकामं झालेलं जिने बघितलंय ती परत भुकेच्याच गावात जाते, ही ताकद कुठून येते याचा मी खूप विचार करते. 1921 मध्ये मनोरमा पण गेली, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई. म्हणजे साक्षीला लागतो तसा गोड शेवट त्यांनाही मिळाला नाही.

आता मी प्रार्थना करते, पण भांडून. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र वाचलंय का? बाकी बहुतेक रडगाण्यांमध्ये शेवटी निदान देवाची स्तुती तरी येते, हे सरळ अंधारातच संपतं आणि तरी ते बायबलमध्ये आहे, कोणी काढून नाही टाकलं. मी तेच मोठ्याने वाचते, सासूबाईंना पण आवडतं, त्या हसतात अर्ध्या तोंडाने.

आणि मंडळीतल्या एक मावशी आहेत, त्या दर बुधवारी दुपारी सासूबाईंजवळ येऊन बसतात म्हणून मला बाजार, बँक वगैरे उरकता येतं. त्या कधी साक्ष देत नाहीत, उपदेश तर नाहीच. नवऱ्याला सध्या कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालंय, पगार आधीच्या निम्मा. त्याला म्हटलंय, मावशींना एखादा अख्खा दिवस जमला तर केडगावला जाऊन येऊ, दौंडच्या लाईनवरच तर आहे.