सुडोकू चालूच आहे, पण...

रिटायर झालं की जो तो सांगत सुटतो, मेंदूला चालना द्या, शब्दकोडी सोडवा, सुडोकू करा, नाहीतर डोकं गंजेल. सुडोकू मीही करतो, मजा येते, नाही असं नाही. पण खरं सांगू का, आता तो माझा हातच सोडवतो, समोर टीव्ही चालू असतो, बायकोशी बोलणं चालू असतं आणि इकडे आकडे भरले जातायत. याला टाइमपास म्हणा, शिकणं कशाला म्हणायचं?

लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं संशोधन बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. तिथे लायसन्स मिळवायला शहरातले साधारण 25,000 रस्ते तोंडपाठ करावे लागतात. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या टीमने 2000 साली दाखवलं की या ड्रायव्हर लोकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि रस्ते लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. एवढं सगळे सांगतात. पण मला जास्त आवडतो तो पुढचा भाग, म्हणजे 2006 मध्ये त्यांनी बसवाल्यांशीही तुलना केली. तेच शहर, तीच ट्रॅफिक, तेवढंच टेन्शन, फक्त बसचा रूट ठरलेला, आणि बसवाल्यांच्या मेंदूत तो भाग तसा मोठा सापडला नाही! तर माझं सुडोकू म्हणजे ही बस आहे. आरामात चाललीय, प्रत्येक स्टॉप माहितीचा.

नवीन शिकायचं म्हणजे रूट सोडायचा, आणि गाडं तिथेच अडतं, कारण इतकी वर्षं ऑफिसात लोक आपल्याला विचारायला यायचे आणि आता कीबोर्डवर सा-रे-ग वाजवताना एक विशीतली मुलगी म्हणते, काका, डावा हात झोपलाय. झोपलायच तो, उजवा सुरू केला की डावा त्याची नक्कल करतो नाहीतर थांबतो. वय झालं म्हणून जमत नाही असं म्हणणारे मला वाटतं निम्मे तरी याच लाजेला घाबरत असतात. वयाने वेग कमी होतो हे खरंच आहे, नावं पटकन आठवत नाहीत, एकावेळी दोन गोष्टी जमत नाहीत, पण शब्दसंग्रह, जगाची माहिती, माणूस ओळखणं हे सगळं बऱ्याच उशिरापर्यंत टिकतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांचा एक प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला, त्यात 60 ते 90 वयाची माणसं होती. काहींना गोधडीकाम, काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकायला बसवलं, आठवड्याला 15 तासांच्या आसपास, तीन महिने. दुसरा ग्रुप नुसता जमायचा, गप्पा, खेळ, सिनेमे वगैरे. शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारली. आता गप्पा वाईट असं कुणी समजू नका, गप्पांशिवाय मीच टिकणार नाही. पण एकत्र जमून शिकताही येतं की. फ्रान्समध्ये तुलूझला 1973 मध्ये ज्येष्ठांसाठी विद्यापीठ निघालं, तिथून ही कल्पना ब्रिटनमध्ये गेली आणि तिथे तर परीक्षा नाही, डिग्री नाही, ज्याला जे येतं ते तो बाकीच्यांना शिकवतो. मला हा प्रकार फार आवडतो, म्हणजे सकाळी तुम्ही सर आणि दुपारी ढ विद्यार्थी.

फक्त शिकायला आधी ऐकू यायला हवं, हे कुणी सांगत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या तज्ज्ञ समितीने (लॅन्सेट कमिशन) 2024 साली डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी 14 अशी कारणं दिलीत ज्यांवर काहीतरी करता येतं, त्यात कमी शिक्षण आहे तसंच कमी ऐकू येणंही आहे. माझा एक मित्र रोज न चुकता शब्दकोडं सोडवतो, मेंदूसाठी, आणि कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये ठेवतो. का रे, विचारलं तर म्हणतो, ते लावलं की म्हातारा दिसतो. प्रश्नही त्याला तीनदा विचारावा लागला.