महाबळमधला माळ्याचा वन बीएचके

मे महिन्यातली दुपार होती. जळगावात महाबळ भागातला एक फ्लॅट गृहकर्जाच्या मूल्यांकनासाठी बघायचा होता. चौथा मजला, वर थेट गच्ची. जाहिरातीत 'लॉफ्टसह वन बीएचके, 606 चौरस फूट' असं होतं. भाव फुटाला 4000, म्हणजे 24 लाख 24 हजार. घेणारं जोडपं आणि मालक काका आधीच येऊन थांबले होते.

आधी मापं घेतली. हॉल 14 बाय 10, बेडरूम 11 बाय 10, स्वयंपाकघर 9 बाय 8, बाथरूम 7 बाय 4, संडास 4 बाय 3, मधला पॅसेज 6 बाय 3. बेरीज 380. रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींची जागा धरतात, बाहेरच्या भिंतींची नाही. ती 15 चौरस फूट मिळवली की 395. सूची क्रमांक 2, म्हणजे दस्तनोंदणीच्या उताऱ्यावरचे 36.70 चौरस मीटर म्हणजे नेमके एवढेच. मग 606 आले कुठून? 395 मध्ये माळ्याचे, म्हणजे जाहिरातीतल्या लॉफ्टचे, 110 मिळवले आणि त्यावर जिना-लॉबीसारख्या सामायिक जागेचं म्हणून 20 टक्के लोडिंग चढवलं. खरा भाव कार्पेटवर 6137 पडत होता. हे गणित टोकन देण्याआधी व्हायला हवं.

माळा बेडरूमवर होता. लोखंडी गर्डर, त्यावर जाड प्लाय, हॉलमधून जिना. जमिनीपासून स्लॅब 4.10 मीटरवर. माळ्याखाली 2.30 मीटर उरले, वर 1.65. बांधकामाच्या नियमात लॉफ्ट म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त 1.5 मीटर. राहत्या खोलीला किमान 2.75 मीटर लागतात. म्हणजे वरची जागा लॉफ्ट ठरत नव्हती आणि खालची बेडरूमही ठेंगणी झाली होती. मंजूर नकाशात माळा नव्हताच.

खरी काळजी भिंतीची वाटली. तिन्ही गर्डरची एक टोकं बाहेरच्या नऊ इंची भिंतीत नीट बसली होती. दुसरी टोकं हॉल आणि बेडरूममधल्या चार इंची ब्लॉकच्या भिंतीला भोकं पाडून आत सरकवलेली. टेकण जेमतेम अडीच इंच, खाली भार पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा (बेड ब्लॉक) नाही. मधल्या गर्डरखालून एक तडा तिरका, पायरीपायरीने दाराच्या चौकटीच्या कोपऱ्याकडे उतरला होता. त्यात पुट्टी भरून रंग दिलेला, आणि त्याच रेषेवर पुट्टी पुन्हा फाटलेली. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर गर्डरखाली हातभर प्लास्टर पोकळ वाजलं. बुजवलेला तडा पुन्हा उघडतो, तेव्हा भिंत अजून हलत असते. राहत्या खोलीचा भार चौरस मीटरला 200 किलो धरतात. माळा 10 चौरस मीटरचा, म्हणजे दोन टन; त्यातला निम्मा या पडभिंतीवर. आणि पडभिंत वजन पेलायला बांधलेलीच नसते.

चार वाजता माळ्यावर चढून बसलो. खाली 37 अंश, वर 42. गरम हवा वर जाऊन साठते आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. कूलरची हवा खिडकीतून बाहेर पडली तरच खोली गार होते. इथे माळ्याला खिडकीच नव्हती. आपल्याकडचा उन्हाळा धरला तर तिथे कोणी झोपूच शकणार नाही. गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, केला तर फरक पडेल, पण गच्ची सोसायटीची, परवानगी घ्यावी लागते.

"आते काय करानं, भाऊ?" काकांनी विचारलं. त्यांनी माळा हौसेने केला होता, फसवायचा हेतू मला दिसला नाही. त्यांना सांगितलं: आधी माळ्यावरचं सामान उतरवा, मग गर्डरखाली लोखंडी जॅक लावून प्लाय काढा आणि गर्डर एकेक करून सोडवा. तिन्ही एकदम ओढू नका, ब्लॉक निखळतील. भोकांत ब्लॉकचे तुकडे आणि मसाला घट्ट भरा, तड्यावर जाळी मारून प्लास्टर करा. माळा ठेवायचाच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खालचे बीम तपासून घ्या, भार लोखंडी खांबांवर घ्या, उंची 1.5 च्या आत आणा आणि तिथे फक्त सामान ठेवा.

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. अहवालात क्षेत्रफळ 36.70 चौरस मीटर धरलं आणि माळ्याची किंमत शून्य. भिंत दुरुस्त झाल्यावर पुन्हा पाहणी, असा शेरा दिला.