काउंट 200, आणि एक्स-रे मात्र क्लिअर

बाबांच्या केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर रिपोर्टवर एएनसी 200 आला होता. एएनसी म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा आकडा, निरोगी माणसात तो साधारण 1500 च्या वर असतो आणि 500 च्या खाली गेला की डॉक्टर एकदम सावध होतात. बाबांना ताप होता, थोडा कोरडा खोकला, बाकी काही नाही. कफ नाही. छातीचा एक्स-रे जवळजवळ क्लिअर. मला हायसं वाटलं, डॉक्टरांना अजिबात नाही, त्यांनी त्याच दिवशी सीटी करायला लावला आणि त्यात उजव्या फुफ्फुसात गाठ दिसली, भोवती धुरकट कडं. फंगल इन्फेक्शन आहे, बहुतेक अ‍ॅस्परजिलस, असं म्हणाले.

एक्स-रे क्लिअर असून आत बुरशी कशी, हे काही डोक्यातून जाईना. मग रात्री बाबांच्या पलंगाशेजारी बसून वाचायला लागले, आणि पहिलीच गोष्ट कळली ती ही की न्यूमोनियात एक्स-रेवर जो पांढरा डाग दिसतो तो जंतूंचा नसतोच मुळी, तो बराचसा आपल्याच पेशींचा आणि त्यांच्याबरोबर पाझरलेल्या पाण्याचा असतो. बाबांकडे पेशीच नव्हत्या. लढायलाच कोणी नाही तर डाग कुठून येणार?

फुफ्फुसाची अडचण समजून घ्या. दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत-बाहेर होते, आत कोट्यवधी वायुकोश, आणि त्यांची भिंत इतकी पातळ की हवा आणि रक्त यांच्यात एक मायक्रॉनसुद्धा (मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर नसतं. ती जाड करून चालत नाही, ऑक्सिजन जाणार कसा. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, त्यामुळे नाकात, घशात न अडकता थेट टोकापर्यंत पोचतात, आणि असे शेकडो बीजाणू आपण सगळेच रोज श्वासाबरोबर आत घेतो. तरी आजारी पडत नाही.

कारण वायुकोशात मॅक्रोफेज बसलेल्या असतात. मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पेशी, धूळ, बीजाणू, चुकून आलेला बॅक्टेरिया, जे दिसेल ते गिळून टाकतात. बरं, झोपलेल्या बीजाणूवर एका प्रोटीनचं आवरण असतं आणि त्यामुळे तो आपल्या पेशींना नीट ओळखूच येत नाही. ही बुरशीची चलाखी वाटते, पण मला वाटतं आपलाही त्यात फायदाच आहे, प्रत्येक बीजाणूवर सूज आली असती तर श्वास घेणंच अवघड झालं असतं. तो ओलाव्यात फुगायला लागला की आवरण फाटतं, खालची बीटा-ग्लुकन नावाची साखर उघडी पडते, आणि मॅक्रोफेजवरचा डेक्टिन-1 हा रिसेप्टर तिला बरोबर पकडतो. मग मात्र केमिकल सिग्नल सुटतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल धावत येतात.

ही ओळखण्याची यंत्रणा फार जुनी आहे. 1996 साली ज्यूल्स हॉफमन या शास्त्रज्ञांच्या टीमने फळमाशीतलं टोल नावाचं जीन बिघडवलं तर त्या माश्या याच अ‍ॅस्परजिलसने मेल्या. त्या मेलेल्या माशीचा फोटो मी बघितला, अंगातून सगळीकडून पांढरे तंतू बाहेर आलेले, आणि मग बाबांच्या स्कॅनकडे बघवेना. हॉफमन यांना 2011 चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

न्यूट्रोफिल आठ-एक मायक्रॉनची आणि फुफ्फुसातल्या केशवाहिन्या त्याहूनही अरुंद, त्यामुळे ती लांबट होऊन, अंग चोरून त्यांतून जाते. 1950 च्या दशकात व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी मायक्रोस्कोपखाली एक छोटं चित्रीकरण केलं होतं, नेटवर सहज सापडतं. त्यात एक न्यूट्रोफिल लाल पेशींच्या गर्दीतून वाट काढत एका बॅक्टेरियाच्या मागे लागलेली दिसते, तो इकडे वळला की ही इकडे, तो तिकडे की ही तिकडे, आणि शेवटी गिळते. मी ते त्या रात्री किती वेळा बघितलं असेल!

बॅक्टेरिया लहान, त्यामुळे गिळता येतो. न्यूमोकॉकससारख्यांवर निसरडं कवच असतं, पण अँटिबॉडी आणि रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीन त्याला चिकटली की पकडायला मूठच मिळते. टीबीचा जंतू वेगळाच, तो मॅक्रोफेजच्या पोटातच संसार थाटतो, त्याच्यावर स्वतंत्रच लिहावं लागेल. पण बुरशीचे तंतू वाढले की ते पेशीपेक्षा कितीतरी लांब, गिळणार कसे? तेव्हा न्यूट्रोफिल त्यांना चिकटून बाहेरूनच मारा करतात, ऑक्सिजनपासून तिथल्या तिथे तिखट रसायनं बनवतात (ही रसायनं बनवणारं एन्झाइम जन्मतः बिघडलेलं असेल तर मुलांना पुन्हापुन्हा अ‍ॅस्परजिलस आणि स्टॅफिलोकॉकसची इन्फेक्शन होतात), आणि कधीकधी तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, हे जाळं 2004 मध्ये पहिल्यांदा दाखवलं गेलं. म्हणजे समोरचा केवढा आहे हे बघून हत्यार ठरतं. ही हत्यारं पातळ भिंतीलाही इजा करतात, म्हणून काम झालं की मॅक्रोफेज मेलेल्या न्यूट्रोफिल गिळून जागा साफ करतात. नुसतं मारून भागत नाही, आवरूनही ठेवावं लागतं, आणि मला तरी हेच सगळ्यात थोर वाटतं.

बाबांना व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालू होतं, काउंट वाढवायची इंजेक्शनं चालू होती. नवव्या दिवशी एएनसी 1400 झाला, आम्ही सगळे खूश, आणि दुसऱ्या सीटीत गाठ आधीपेक्षा मोठी! भाऊ तर रिपोर्ट हातात धरून नुसता उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, "अहो, पेशी परत आल्यात आणि तिथे पोचल्यात, पहिल्या आठ-दहा दिवसांत गाठ मोठी दिसू शकते, औषध काम करत असलं तरी." नंतरच्या स्कॅनमध्ये त्याच गाठीच्या कडेला हवेची काळी चंद्रकोर दिसली, म्हणजे मेलेला भाग सुटा व्हायला लागला होता.

पण त्याआधी, गाठ मोठी दिसली त्याच संध्याकाळी, बाबांना पहिल्यांदा कफ पडला. हिरवट. आईने घाबरून टिश्यू माझ्यापुढे धरला. आम्ही तो डॉक्टरांना दाखवलाच, पण मला तोवर कळलं होतं की कफाला असा हिरवा रंग येतो तो मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइममुळे, आणि ते न्यूट्रोफिलच्या आतच ठासून भरलेलं असतं. गेले दोन आठवडे बाबांचा खोकला कोरडाच होता.

"अगं आई, हा रंग बाबांच्याच पेशींचा आहे," मी म्हटलं. तिने टिश्यू खिडकीशी नेऊन उजेडात परत एकदा बघितला.