पाणी कुठे मुरतंय?

विकत घ्यायला म्हणून बघितलेल्या पहिल्या जुन्या गाडीच्या पायाखालच्या गालिच्यात मी बोट खुपसलं आणि बोट ओलं झालं. बाहेर आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. मालक म्हणाले, "कालच धुतली ना." आतून? दादाने नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे: गप चपला घाल आणि निघ.

तोवर महिनाभर मी निसान फिगारोच्या फोटोंवरच जगत होते. ही गाडी विकायला आली 1991 मध्ये, पण तोंडवळा 1950 च्या दशकातला. गोल दिवे, क्रोमची कड, पांढरं कापडी छप्पर, आत सायीच्या रंगाच्या सीटा आणि जुन्या रेडिओवर असायच्या तशा कळा. रंग चारच, चार ऋतूंचे एकेक. कंपनीने आधी 8,000 च गाड्या काढायचं ठरवलं होतं. मागणी एवढी आली की आकडा 20,000 वर गेला, आणि तरीही कुणाला गाडी मिळणार हे सोडत काढून ठरवावं लागलं. विक्री फक्त जपानमध्ये झाली. म्हणजे जपानबाहेर ज्यांच्याकडे ती आहे, त्यांच्याकडे ती कुणीतरी वापरलेलीच आली. मलाही नवीकोरी नकोच होती. रोजच्या धावपळीला दुसरी गाडी आहे. ही फक्त शनिवार-रविवारची.

माझ्या मनात भीती होती ती इंजिनाची. एवढी जुनी गाडी, त्यात टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा! दादाने ती भीती पार उलटी करून टाकली. "अगं, ही आजीबाईंचा मुखवटा घातलेली मायक्रा आहे," तो म्हणाला. आणि ते खरंच आहे. मायक्रा म्हणजे निसानचीच साधी छोटी गाडी. फिगारोच्या खाली पहिल्या पिढीच्या मायक्राचा सांगाडा, 987 सीसीचं छोटं इंजिन, तीन गिअरांचा ऑटोमॅटिक. "बेल्ट, पंप, ब्रेक हे कुठलाही बरा मेकॅनिक करून देईल. दिव्याभोवतीची क्रोमची रिंग हरवली तर मात्र बस शोधत." म्हणजे जे जुनं दिसतं ते या एकाच गाडीसाठी घडवलेलं, म्हणून दुर्मीळ, आणि जे आत लपलेलं आहे ते साधं, रोजच्या गाडीतलं. मी बरोबर उलट हिशेब करत होते. क्रोम काय, कधीही बसवता येईल, असं मला वाटायचं.

छपराचं तर मी काहीच वाचलं नव्हतं. फिगारोचं छप्पर पूर्ण उघडत नाही. दोन्ही बाजूंच्या चौकटी जागच्या जागी राहतात आणि मधलं कापड हाताने मागे घेऊन झाकणाखाली घडी घालून ठेवायचं. त्यामुळे जिथे कापड चौकटीला भिडतं तिथे लांबच लांब रबर, आणि रबर वयाबरोबर कडक होतं. उघड्या छपराच्या बहुतेक गाड्यांत छपरावरचं पाणी बाहेर काढायला वाटा केलेल्या असतात. त्यांत पाचोळा अडकला की पाणी आतली वाट धरतं आणि गालिच्याखाली जाऊन बसतं. वरून सगळं कोरडं दिसतं, खाली पत्रा गंजत असतो. कुबट वासावर सुगंधी पुडी टांगलेली दिसली की समजावं, इथे पाणी मुरतंय, अगदी दोन्ही अर्थांनी.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मी शहाणी होऊन गेले होते. बॅगेत लोहचुंबक आणि मऊ फडकं, रंगाला ओरखडा नको म्हणून. दाराच्या पत्र्याला चुंबक टपकन चिकटलं. दाराखालच्या पट्टीवर धरलं तर घसरून खाली. पुन्हा धरलं, पुन्हा घसरलं. आत पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली होती, वर सुंदर रंग. शिवाय आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट कोमट होतं. थंड इंजिन कसं सुरू होतं ते आम्हाला दिसू नये म्हणून आधीच चालवून ठेवलेलं. त्या गृहस्थांशी फोनवर मी अर्धा तास किती प्रेमाने बोलले होते, याची आता लाज वाटते.

तिसरी गाडी राखाडी, म्हणजे हिवाळ्याची. मालकीणबाई वयस्कर. मी चाचरतच विचारलं, छपरावर पाणी ओतून बघितलं तर चालेल का? त्या आत गेल्या आणि झाडांची झारी भरून घेऊन आल्या. "ओता. मलाही कळेल." दहा मिनिटं दादा झारीने कडेकडेने पाणी सोडत होता आणि मी आत बसून मान वर करून बघत होते. डाव्या कोपऱ्यात एक थेंब जमला, लांबला, माझ्या गुडघ्यावर पडला. बाकी काही नाही. गालिचा उचलला तर पत्रा कोरडा, ठिकठिकाणी वरवरचा गंज. एवढं वय झाल्यावर तेवढा असणारच.

मग बाकीचं. थंड इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. थोडा वेळ तसंच चालू ठेवून दादाने एकदम अॅक्सिलरेटर दाबला आणि मला मागे उभं केलं: निळा धूर येतो का बघ. नाही आला. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, आणि टर्बोच्या गाडीत पहिला संशय टर्बोवर जातो. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण कडेला शेवटचे चार आकडे 0912, म्हणजे 2012 सालचा नववा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात. कागदावरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा, दोन्ही एफके10 या मॉडेलच्या खुणेपासून पुढे एकेक आकडा बोट ठेवून जुळवले. पावत्यांची जाडजूड फाइल होती, पण त्यात टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनाच्या भागांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याची, पावती नव्हती. पावती नाही म्हणजे बदललेलाच नाही असं धरायचं. बेल्ट, टायर आणि कोपऱ्यातलं रबर एवढा खर्च आम्ही सांगितलेल्या किमतीतून वजा करायला लावला. बाईंनी एकदा नाक मुरडलं, पण मान्य केलं.

चालवायला कशी आहे? शहरात लाडकी. मोठ्या रस्त्यावर चौथा गिअर नसल्याने इंजिन तारस्वरात गातं. दादा तिला मिक्सर म्हणतो. मागच्या सीटवर माणूस बसत नाही, पिशव्या बसतात. रेडिओ मूळचा, जपानी एफएमचा, 76 ते 90 मेगाहर्ट्झच पकडतो, त्यामुळे इथे त्यावर एकच स्टेशन लागतं आणि तेही खरखरत. बदलायला मन होत नाही.

दोन चुका माझ्या. तीन आठवडे गाडीला हातही लावला नाही, बॅटरी पार मेली. आता हळू चार्ज करणारा चार्जर कायम लावलेला असतो. आणि एकदा पाऊस थांबल्या थांबल्या हौसेने ओलं छप्पर तसंच घडी घालून ठेवलं. पुढच्या शनिवारी झाकण उघडलं तर बुरशीचे काळे ठिपके. मऊ ब्रशने ते घासण्यात अख्खा रविवार गेला.

बेल्ट दोन दिवसांत बदलून मिळाला, टायर एका सकाळी. उजव्या मागच्या चाकाच्या क्रोमच्या टोपीला पोचा आहे, तशी दुसरी मी अजून शोधते आहे.