तुम्ही विचारलंत म्हणून: कारखाना बंद झाला तेव्हा किती मिळाले?

सोलापुरात हे कुणीही विचारतं, चहाच्या टपरीवरसुद्धा. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या बंद पडलेलं गाव हे. कुणाचे आजोबा, कुणाचे मामा हक्काच्या पैशासाठी खेटे घालून थकलेले. त्यामुळं नोकरी गेली म्हटलं की आधी रक्कम विचारतात.

आमचा कारखाना फर्निचरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मी पॉलिशवाला, अठरा वर्षं. चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, फडक्यात कापसाचा बोळा बांधायचा आणि सागवानावर हात फिरवत राहायचं. मध्येच थांबलात की तिथं डाग बसलाच.

बंद पडल्यावर एका कामगार वकिलानं हिशोब मांडला. पगार १२,०००. भागिले २६, गुणिले १५ दिवस, गुणिले १८ वर्षं. १,२४,६१५ रुपये ग्रॅच्युइटी. मी आकडा दोनदा वाचला. मग त्यांनी विचारलं, "हजेरीपटावर किती जण?" नऊ. कायदा दहापासून लागू. आत कामाला आम्ही चौदा होतो, पण पाच जण कागदावर कधी आलेच नाहीत. इतकी वर्षं मला वाटायचं, मालकांना हिशोब जमत नाही!

मालक जीएसटीला दोष द्यायचे. जुलै २०१७ मध्ये फर्निचरवर २८ टक्के लागला हे खरं, पण नोव्हेंबरात तो १८ वर आला. पॉलिशचा हॉल त्याच्या आधीच रिकामा झाला होता. लॅमिनेट चिकटवलेलं बोर्ड तयार येतं. कापा, कडेला पट्टी लावा, स्क्रू मारा. त्यात बोळ्याचं काय काम?

ते वर्ष घर बायकोच्या विड्यांवर चाललं. मीही कात्री घेऊन पानं कापायला बसायचो. पहिला आठवडाभर तिनं माझी वाकडी पानं मुकाट्यानं बाजूला काढली.

तर, मिळालं काय? चालू महिन्याचा पगार आणि चपडी लाखेचं अर्धं पोतं. "तूच ने, दुसऱ्या कुणाला काय उपयोग," असं मालक म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. आता कुणी "काय करायलाव सध्या?" म्हटलं की सांगतो, जुन्या वाड्यांतली कपाटं, देव्हारे पॉलिश करतो. दिवाळीआधी दीड महिना चांगला जातो. पोत्यात अजून दोनेक किलो असेल.