पंचवीसच्या पाटीचं वळण

लहानपणी गाड्यांचे ट्रम्प कार्ड खेळताना कमाल वेग, हॉर्सपॉवर आणि सिलिंडर एवढेच रकाने कामाचे असायचे. ज्याच्या हातात लॅम्बोर्गिनी काउंटाश, त्याचं राज्य. वजनाच्या रकान्यावरून मात्र हमखास भांडणं व्हायची, कारण जास्त वजनवाला जिंकणार की कमी वजनवाला, हे पत्त्यांच्या डबीवर कुठेच लिहिलेलं नसायचं. शेवटी वयानं मोठा असलेला पोरगा निकाल द्यायचा, आणि त्याच्या मते जास्त ते भारी. गाडी वळते कशी, याचा रकाना तर कुठल्याच पत्त्यावर नव्हता.

त्या काउंटाशबद्दल पुढे बऱ्याच गोष्टी कळल्या. डिझायनर गांदिनीनं काढलेली ती पाचर जवळजवळ दोन मीटर रुंद, क्लच दाबायला मांडीत ताकद हवी, आणि मागचं तर काही दिसायचंच नाही. मग गाडी रिव्हर्स घ्यायची असली की चालक दार वर उघडायचा, अर्धा बाहेर येऊन उंबऱ्यावर बूड टेकायचा आणि मान वळवून मागे बघत गाडी हाकायचा. जगातल्या पोराटोरांच्या भिंतीवर जिचं पोस्टर, तिला पार्किंगमधून काढायची ही तऱ्हा! पत्त्यावर हे छापलं असतं तर आमचं राजकारण वेगळं झालं असतं.

हल्ली मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात राहतो. इथल्या डोंगरमाथ्यावरून स्कायलाइन रस्ता जातो. तो हायवे ८४ ला जिथे भेटतो त्या नाक्यावर एलिसेस रेस्टॉरंट आहे, आणि रविवारी सकाळी तिथे गाड्यांची जत्रा भरते. फेरारी, मॅकलॅरन, लॅम्बोर्गिनी, सगळी मंडळी हजर. मीही असतो, पहिल्या पिढीची जुनी माझदा मिआटा घेऊन. माझ्या गाडीचे फोटो कुणी काढत नाही. फार तर एखादे आजोबा थांबतात, "माझ्याकडेही होती" म्हणतात आणि विकल्याचं दुःख सांगून जातात.

खरी गंमत नाक्यावरून समुद्राकडे उतरायला लागलं की सुरू होते. ८४ हा रस्ता रेडवुडच्या झाडीतून ला होंडापर्यंत पिळवटत खाली जातो. सकाळी धुक्यानं रस्ता ओलसर, झाडांची पानं पडलेली, आणि वळणावळणाला ताशी २५ मैलांचा सल्ला देणारी पिवळी पाटी. अशा वळणात पुढे चाललेली सहा-सातशे घोड्यांची गाडी काय करते? ब्रेक लावते, रुंद अंग सांभाळत हळूच वळते, मग सरळ तुकडा आला की एक डरकाळी फोडते आणि दोन सेकंदांत पुन्हा ब्रेक लावते. मागून मी आपला तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम पाय लावत, तिच्या शेपटीला. चालकाचा दोष नाही. त्यानं खरंच गाडी पळवली तर दुसऱ्या गिअरमध्येच महामार्गाची वेगमर्यादा मागे पडेल, आणि पुढच्या वळणावर झाड उभं आहे.

रुंदीचा हिशेब तर अगदी साधा. समजा लेन तीन मीटरची आहे. लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्तो आरसे सोडून दोन मीटरच्या वर भरते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून मीटरभरसुद्धा मोकळीक नाही. ती लेनमध्ये बसते, एवढंच. आजची मिआटा १.७३ मीटर, आणि माझी जुनी तर त्याहूनही सडपातळ. तेव्हा लेनच्या आतल्या आत थोडं बाहेरून शिरायचं, मध्याला आतल्या कडेला चाटून जायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, एवढी चैन परवडते. वळण घेणं म्हणतात ते हेच. मोठ्या गाडीला त्या रस्त्यावर वळण घेताच येत नाही, वळणातून जावं लागतं.

ही मिआटा जन्माला आली तीही या राज्याच्या कृपेनं. बॉब हॉल नावाचा एक मोटार-पत्रकार १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोतोंना भेटला. कुठली गाडी काढावी असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यानं फळ्यावर खडूनं एक छोटी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी काढून दाखवली. जुन्या इंग्रजी रोडस्टरसारखी, पण तेल न गळणारी! त्या जातीच्या इंग्रजी गाड्यांपैकी एमजी बंद पडत आल्या होत्या, लोटस एलान इतिहासजमा झाली होती. पुढे हॉल माझदातच नोकरीला लागला. कॅलिफोर्नियातल्या चमूनं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना ही जुनी मांडणी लावून धरली, आणि जपानमधल्या सहकाऱ्यांच्या पर्यायांवर मात केली. इंग्लंडमध्ये बांधून घेतलेला पहिला चालता नमुना १९८५ मध्ये सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवला, तर लोक पाठलाग करून विचारायला लागले, ही मिळते कुठे? १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात गाडी जगासमोर आली. किंमत १३,८०० डॉलर, इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११६ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत.

प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी चमूपुढे घोडा आणि स्वार एकजीव होण्याची कल्पना ठेवली होती. घोडा म्हटलं की डोळ्यांपुढे उंचापुरा अरबी येतो, पण त्यांनी घडवलं ते भीमथडीच्या तट्टाच्या जातीचं: ठेंगणं, काटक, घाटवाट तोंडपाठ असलेलं. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलं, त्यामुळे दोन माणसं बसली की पुढे-मागे वजन जवळपास निम्मंनिम्मं. गिअरबॉक्स आणि मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांबलचक अ‍ॅल्युमिनियमची चौकट टाकली. ती खालून वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही, पण अ‍ॅक्सिलरेटरवर अंगठ्याएवढा दाब दिला की मधे कुठे लचका न बसता तो थेट मागच्या चाकांपर्यंत पोचतो, तो तिच्यामुळे.

आणि टायर बघा. १८५ मिलिमीटर रुंद, १४ इंची रिंग. आजकाल साध्या फॅमिली गाडीलाही याहून दांडगे असतात. टायरची पकड दिव्याच्या बटणासारखी चालू किंवा बंद नसते. वळणात जोर वाढत गेला की तो आधी थोडा तिरपा घसरायला लागतो, मग अजून थोडा, आणि मग सोडतो. अरुंद, जाड बाजूंच्या टायरवर हा सगळा प्रवास कमी वेगात आणि सावकाश घडतो, त्यामुळे तो बुडाखाली आणि हातात कळतो. वळणात शिरताना माझी गाडी आधी बाहेरच्या खांद्यावर झुकते, स्टिअरिंग किंचित जड होतं. मग पुढची चाकं जरा कुरकुरली की ते एकदम हलकं लागतं. याचा अर्थ, पाय थोडा उचला. उचलला की नाक निमूट आत येतं. हा संवाद चाललेला असताना काटा चाळीस मैलांच्याही आतच असतो. सुपरकारच्या मागच्या चाकांना ३०५ मिलिमीटरचे, पापडासारख्या पातळ बाजूंचे टायर असतात. त्यांची पकड अचाट असते, पण ती बोलायला लागते तीच मुळी असल्या वेगाला, जिथे पोलिसानं पकडलं तर गाडी तिथेच ठेवून घरी जावं लागेल.

टोयोटाचे इंजिनिअर तेत्सुया तादा यांनी २०१२ मध्ये जीटी ८६ काढली तेव्हा तर मुद्दाम प्रियस या काटकसरी हायब्रिड गाडीसाठीचे टायर त्या स्पोर्ट्स कारला चढवले. लोकांनी नाकं मुरडली. तादांना चालकाच्या हातात असलेली घसरण हवी होती आणि घड्याळाची त्यांना फारशी पर्वा नव्हती. मला हा माणूस फार आवडतो.

सुपरकारबद्दल आकसानं बोलतोय असं वाटू नये म्हणून सांगतो, मी लॅम्बोर्गिनीची हुराकान चालवली आहे. लास व्हेगासजवळ ट्रॅकवर फेरीच्या भावानं मिळते, शेजारी प्रशिक्षक बसतो. ५.२ लिटरचं व्ही १० इंजिन, ६१० हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर किलोमीटर ३.२ सेकंदांत. सरळ रस्त्यावर पाय दाबला आणि पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटलं. ब्रेक असा की डोळे पुढच्या काचेला लागतील. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. एकटा आवाज ऐकायला मी पुन्हा पैसे देईन. पण वळणांचं विचाराल, तर त्या गाडीनं ती इतकी सफाईनं काढली की माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. चारही चाकांना जोर, कुठल्या चाकाला किती द्यायचा हे संगणक सेकंदाच्या बारीकशा भागात ठरवणार. मी स्टिअरिंग फिरवलं, गाडी वळली. मी जरा उशिरा फिरवलं, तरी वळली. शेजारचा माणूस "गुड, गुड" म्हणत होता. मला मनापासून वाटलं, तो गाडीशी बोलतोय.

ट्रॅकवर घड्याळ लावलं तर प्रश्नच मिटला. इथून दीड तासावर लागुना सेका आहे, तिथलं ते कॉर्कस्क्रू नावाचं वळण सुमारे १८ मीटर खाली कोसळतं. तिथे कुठलीही आजची सुपरकार माझ्या गाडीला फेरीगणिक मागे टाकत जाईल. अर्थात त्या वेगाशी खेळायला हातही तसेच लागतात. इंजिन पाठीमागे असलेली गाडी वळणाच्या मध्यात घाबरून पाय उचलला की जितकी चपळाईनं वळते तितक्याच चपळाईनं गिरकीही घेते.

हलकेपणाचा हा नाद जुनाच. लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमननं आयुष्यभर तेच केलं. त्याची १९६२ ची एलान सातशे किलोच्या आत होती. डिझायनर गॉर्डन मरेनं मॅकलॅरन एफ १ सारखी सुपरकार घडवली, तरी स्टिअरिंगचा विषय निघाला की तो नाव घ्यायचा एलानचंच. आणि दुसऱ्या टोकाला रेव्हुएल्तो: हजाराच्या वर घोडे, बॅटरी, विजेच्या तीन मोटारी, पाणी-तेल न भरताच १,७७२ किलो. एवढं वजन चपळ भासावं म्हणून मग मागची चाकंही वळवायची. आधी लठ्ठ व्हायचं आणि मग नाचाचा क्लास लावायचा, असला प्रकार.

परवा मात्र मजा झाली. इथे ऑटोक्रॉस असतं: मोकळ्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून वळणांचा मार्ग आखतात, एकेक गाडी सोडतात, शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. सगळा खेळ दुसऱ्या गिअरमध्ये. रांगेत माझ्या पुढे एक पिवळीधमक हुराकान होती, आणि मालक निघाले कोल्हापूरचे, साठीचे डॉक्टर. माझ्या गाडीहून अर्धा मीटर लांब गाडी ते शंकूंमधून काढत होते, कष्टानं, आणि तरी मार्गात दोन-तीन शंकू लोळत ठेवून. अधिकृत फेऱ्या संपल्यावर हौशी फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा ते माझ्याकडे आले.

"अहो, बघू जरा?"

"बघा की काका, चालवून बघा."

आत बसताना गुडघे कुरकुरले, सीट पुढे ओढावी लागली. पहिली फेरी बिचकत झाली. दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणाला मागची चाकं जराशी सुटली, त्यांनी उलटं स्टिअरिंग दिलं, गाडी सरळ झाली, आणि टप उघडा असल्यामुळे "आयला!" सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

परत आले तेव्हा चेहरा लाल. "केवढ्याला घेतली?"

सांगितली किंमत. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "अहो, एवढ्यात माझ्या ब्रेकच्या चार डिस्कसुद्धा येत नाहीत." आणि किल्ली परत न देताच पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.