एक मीटर, एक मिनिट

माझ्या मॉडेल रेल्वेतल्या जुन्या एचओ इंजिनाला दोनच गोष्टी यायच्या: उभं राहणं आणि पळत सुटणं. कंट्रोलरचा नॉब फिरवत न्यावा, चार-पाच व्होल्टपर्यंत ढिम्म, आणि मग बेडकासारखी उडी. शंटिंगला घेतलं की डबे जोडले जायच्या ऐवजी घसरूनच पडायचे.

एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. खरं इंजिन यार्डात ताशी ५ किमीने सरकतं असं धरलं, तर मॉडेलने सेकंदाला जेमतेम १.६ सेंमी जायला हवं. म्हणजे एक मीटरला मिनिटभर. माझं चार सेकंदांत उरकायचं.

मोटर गेली, असं मी ठरवूनच टाकलं होतं. नवी मागवण्याआधी उघडून तरी पाहू म्हणून वरचं कवच काढलं. गिअरमधलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, त्यात सतरंजीचे धागे गुंडाळलेले (रूळ जमिनीवर मांडायची हौस!). टूथपिकने सगळं खरवडलं आणि प्लास्टिकला चालणारं हलकं तेल सुईच्या टोकाने थेंब-थेंब दिलं. कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारं तांब्याचं कडं) काळाकुट्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेले तीन इअरबड काळे झाले तेव्हा कुठे तांबं दिसलं.

उडी गेली. पण आता हळू चालवलं की मध्येच थांबायचं, बोटाने ढोसलं की पुढे. हे दुखणं मोटरचं नव्हतं. रूळ नि चाकं पुसून झाली, तरी तेच. मल्टिमीटर लावून एकेक चाक तपासलं, तर आठांपैकी चारच चाकं वीज घेत होती. दोन चाकांवर पकडीसाठी रबराच्या कड्या, त्यांच्याकडून कसली अपेक्षा! पण उरलेल्या दोघांपर्यंत बनवणाऱ्याने वीज घेणारी पत्तीच नेली नव्हती. वेगात असताना इंजिन असल्या खंडित जागा वेगाच्या जोरावर ओलांडतं. रांगताना तो जोर नसतो. पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या) मधल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर तर हमखास अडायचं.

मोडक्या रिलेमधल्या (विजेवर चालणाऱ्या स्विचमधल्या) दोन लवचीक पत्त्या कापल्या, इंजिनाच्या बोगीखाली, म्हणजे चाकांच्या सांगाड्याखाली, चिकटवल्या आणि बारीक वायरने ज्या-त्या बाजूच्या जोडणीला सोल्डर केल्या. पहिल्या खेपेला पत्ती इतकी दाबून बसली की तिचा ब्रेकच झाला. चिमट्याने वाकवून वाकवून शेवटी चाकाला नुसती टेकेल अशी केली. या एका कामात अख्खा रविवार गेला.

काल मीटरभर रूळ ५२ सेकंदांत, पॉइंटसकट, एकदाही न अडता. मुलगी बघायला बसली होती. विसाव्या सेकंदाला उठून गेली.